एकाच सोफ्यावरच्या दोन मॅच

कॅनडात आइस हॉकीचे प्लेऑफ म्हणजे घराघरात पाळलं जाणारं दोन महिन्यांचं व्रत. आजी, आई-बाबा, पोरं, सगळे एका टीव्हीसमोर. पण त्याच सोफ्यावर हल्ली मोबाइलमधून आणखी कुणीतरी येऊन बसतंय. ऑक्टोबरमध्ये नवा सीझन सुरू झालाय, त्या निमित्ताने...

१९ मे २०२५, पहाटेचे पाच. सुट्टीच्या दिवसांत या वेळेला मी गाढ झोपेत असते, पण त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होते. पलीकडे टोरांटोला लागून असलेलं मिसिसागा. तिथे अजून रविवारची संध्याकाळच होती. आत्याच्या हॉलमध्ये निळ्या जर्सीतली चार माणसं आणि साडीवर स्वेटर घातलेली आमची आजी. मॅच होती टोरांटो मेपल लीफ्स विरुद्ध फ्लोरिडा पँथर्स. मालिका ३-३ अशी बरोबरीत, ही सातवी आणि शेवटची. हरलं की सीझन खल्लास.

आपल्याकडे ऊन वर आलं तोवर लीफ्स ६-१ ने हरले होते. तेही घरच्या मैदानावर. चिडलेल्या प्रेक्षकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. काकांनी टीव्ही बंद केला. आत्या न बोलता ओट्याशी गेली. आजी म्हणाली, "अरे, पुढच्या वर्षी आहेच की!" पण सगळ्यांत पडलेला चेहरा होता माझ्या आतेभावाचा. एकोणीस वर्षांचा पोरगा, डोळे भरून आलेले. मला वाटलं, केवढा जीव आहे याचा टीमवर!

ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं जूनमध्ये कळलं. त्याच्याच परवानगीने आणि नाव न घेता ते इथे लिहितेय. पण त्याआधी हे प्लेऑफ प्रकरण काय आहे ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

सोळा विजयांची वारी

हॉकी म्हटलं की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात. कॅनडात नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरचीच. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलमध्ये ३२ टीम आहेत. त्यातल्या सातच कॅनडाच्या, बाकी अमेरिकेच्या. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक टीम ८२ मॅच खेळते आणि त्यातून १६ टीम प्लेऑफमध्ये जातात. आपल्या आयपीएलचे प्लेऑफ चार मॅचमध्ये आटोपतात. इथे चार फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत सातपैकी चार मॅच जिंकाव्या लागतात. म्हणजे स्टॅनली कप हवा तर सोळा विजय. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत एक दिवसाआड मॅच, हे झालं घरातलं वेळापत्रक.

त्यात बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआऊट नाही. वीस-वीस मिनिटांचे जादा डाव, आणि पहिला गोल पडेपर्यंत खेळ चालूच. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांची एक मॅच सहाव्या जादा डावापर्यंत चालली होती. यंदाच्या फायनलमध्येही सहापैकी तीन मॅच जादा वेळेत गेल्या आणि त्यातली एक तर दुसऱ्या डावात. दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे २०११ च्या वर्ल्डकपच्या वेळी तुमच्या घरी काय चाललं होतं ते आठवलं की कळेल.

प्रत्येक घराचे नियम वेगळे. काकांची जागा ठरलेली. टीम जिंकत असेल तर कुणी उठायचं नाही, हे तर आपल्याकडेही आहे. दाढीचं मात्र खास तिथलंच. १९८० च्या दशकात न्यूयॉर्क आयलँडर्सच्या खेळाडूंनी टीम बाहेर पडेपर्यंत दाढी न करण्याची प्रथा सुरू केली, आणि आता चाहतेही ती पाळतात. यंदा काकांनीही दाढी वाढवली. आजी नुकतीच सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेली. चार दिवस तिने पाहिलं आणि मग हळूच आत्याला विचारलं, "अगं, यांच्याकडे कुणाचं सुतक आहे का? श्रावण तर अजून लांब आहे."

बत्तीस वर्षांचा उपास

या वेडाला एक दुखरी बाजू आहे. कॅनडाच्या टीमने स्टॅनली कप शेवटचा जिंकला तो १९९३ मध्ये, माँट्रियल कॅनेडियन्सने. त्यानंतर आठ वेळा कॅनडाची टीम फायनलला पोचली आणि आठही वेळा हरली. लीफ्सचं तर विचारूच नका. त्यांचा शेवटचा कप १९६७ चा. म्हणजे टोरांटोत आज साठीला आलेल्या माणसालाही तो विजय आठवणं कठीण.

यंदा आशा होती. सातपैकी पाच कॅनेडियन टीम प्लेऑफमध्ये होत्या. आणि वातावरणही तापलेलं. अमेरिकेने लावलेला टॅरिफ, कॅनडाला '५१ वं राज्य' करण्याची ट्रम्प यांची भाषा, यामुळे फेब्रुवारीत बोस्टनला झालेली कॅनडा-अमेरिका फायनल निव्वळ खेळ राहिली नव्हती. कॉनर मॅकडेव्हिडने जादा वेळेत गोल केला, कॅनडा ३-२ ने जिंकला आणि देशभर जल्लोष झाला. हॉकीतलीच 'एल्बोज अप', म्हणजे कोपरं वर करून भिडायची, ही भाषा थेट राजकीय घोषणा झाली. कळस म्हणजे, एप्रिलमध्ये संसदेच्या निवडणुकीआधीची फ्रेंच भाषेतली नेत्यांची डिबेट दोन तास अलीकडे आणली गेली. कारण? त्याच संध्याकाळी माँट्रियलची मॅच होती आणि त्यावर त्यांचं प्लेऑफचं तिकीट ठरणार होतं! (ते मिळालंही.) आपल्याकडे भारत-पाक मॅचमुळे लग्नाचा मुहूर्त मागेपुढे करायचं नुसतं बोलतात. तिथे अख्ख्या निवडणुकीचा कार्यक्रम हलला.

शेवटी मात्र तेच झालं. एडमंटन ऑइलर्स सलग दुसऱ्या वर्षी फायनलला गेले आणि सलग दुसऱ्या वर्षी फ्लोरिडाकडूनच हरले. १७ जूनला कप पुन्हा उन्हाळ्याच्या, समुद्रकिनाऱ्याच्या राज्यात गेला.

बाप गेला त्या दिवशी

तरी लोक का बघतात? याचं उत्तर मला एका मॅचमध्ये सापडलं.

१७ मे २०२५. विनिपेग जेट्स विरुद्ध डॅलस स्टार्स, दुसऱ्या फेरीतली सहावी मॅच. त्याच दिवशी बातमी आली की जेट्सचा आघाडीचा खेळाडू मार्क शायफली याचे वडील रात्रीत अचानक गेले. तो तरीही खेळायला उतरला. पहिला गोल त्यानेच केला. मग डॅलसने बरोबरी साधली. मॅचचे शेवटचे पंधरा सेकंद उरले असताना समोरचा खेळाडू एकटा गोलकडे सुटला, आणि त्याला अडवताना शायफलीकडून फाऊल झालं. शिक्षा म्हणून त्याला पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागलं. तो तिथे बसलेला असतानाच, जादा वेळ सुरू होऊन दोन मिनिटं व्हायच्या आत डॅलसने गोल केला. मॅच संपली, विनिपेगचा सीझनही संपला.

तो तिथून बाहेर आला तेव्हा सगळी टीम त्याच्याभोवती गोळा झाली. मालिका संपल्यावर दोन्ही टीम रांगेत एकमेकांशी हात मिळवतात ही हॉकीची जुनी रीत. त्या रांगेत डॅलसचे खेळाडू एकेक करून थांबत होते, त्याला जवळ घेत होते.

मराठी घरात ही गोष्ट सांगितली की प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव येतं. १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये वडील, म्हणजे कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेले, तेव्हा सचिन मुंबईला आला आणि अंत्यसंस्कार करून परत इंग्लंडला गेला. ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या आणि आकाशाकडे पाहिलं. आमचा जन्म त्यानंतरचा. तरी हा प्रसंग आम्हाला पाठ आहे, कारण घरात कुणीतरी तो सांगितलाय. बाबांनी, मामांनी, कुणी ना कुणी. खेळ पुढच्या पिढीकडे असाच जातो. स्कोअरकार्ड कुठेही मिळतं, पण "तेव्हा तुझे आजोबा टीव्हीसमोर उभे राहिले होते" हे सांगायला घरातलंच माणूस लागतं.

आजीला कळणारी कॉमेंट्री

बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी तर या सोफ्याचं मोल आणखी वेगळं आहे. काका-आत्या २००९ मध्ये तिकडे गेले तेव्हा भाऊ तीन वर्षांचा होता. काका सांगतात, "ऑफिसात सोमवारी सगळे मॅचबद्दल बोलायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. मग पोराबरोबर बघायला लागलो. ऑफसाइड मला त्याने शिकवलं." म्हणजे बापाने मुलाला शिकवायचं सोडून मुलाने बापाला. परक्या देशात बऱ्याच घरांत असंच होतं.

आणि आजीला? तिला पंजाबीने हात दिला. १९५२ पासून कॅनडाच्या टीव्हीवर शनिवारी 'हॉकी नाइट इन कॅनडा' हा कार्यक्रम लागतो. २००८ पासून त्याची पंजाबी आवृत्ती निघाली. अल्बर्टातल्या ब्रुक्ससारख्या छोट्या गावात जन्मलेला हरनारायण सिंग हा तिचा आवाज. २०१६ च्या फायनलमध्ये पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला तेव्हा त्याने एका दमात 'बोनिनो, बोनिनो' असा जो गजर केला, तो क्लिप होऊन जगभर फिरला. पिट्सबर्गने कप जिंकल्यावर या पंजाबी कॉमेंटेटर्सना विजयाच्या सोहळ्याला बोलावून घेतलं.

आमच्या आजीला इंग्रजी येत नाही, पण पन्नास वर्षं हिंदी सिनेमे बघितलेत. पंजाबी कॉमेंट्रीतलं निम्मं तिला कळतं, आणि उरलेलं ती स्वतःच्या मनाने भरते. दुसऱ्या फेरीपर्यंत तिला गोलकीपरचं नाव पाठ झालं होतं. नातवाशी बोलायला विषय मिळाला होता. जे काम दर रविवारच्या व्हिडिओ कॉलने पंधरा वर्षांत झालं नव्हतं, ते चार आठवड्यांच्या प्लेऑफने केलं.

म्हणून जूनमध्ये जे कळलं ते सगळ्यांना जास्त लागलं.

दुसरी मॅच

भावाने सप्टेंबरच्या फीसाठी पैसे साठवले होते. कॉलेज सांभाळून कॉफी शॉपमध्ये रात्रपाळी करून. फी भरायची वेळ जवळ आली तेव्हा त्याने आत्याकडे पैसे मागितले. आधी लॅपटॉप बिघडल्याचं सांगितलं. मग एका रात्री रडत रडत सगळं बाहेर आलं. दोन हजार आठशे डॉलर, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या आसपास, त्याने मोबाइलवरच्या बेटिंगमध्ये घालवले होते. सगळे प्लेऑफच्या त्या दोन महिन्यांत. आणि बहुतेक सगळे त्याच सोफ्यावर, काकांच्या शेजारी बसून.

सुरुवात वीस डॉलरने झाली. लीफ्सनी फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या दोन्ही मॅच जिंकल्या आणि त्यालाही थोडे पैसे मिळाले. मग लीफ्स मालिका जिंकतील यावर मोठी रक्कम लावली. पुढच्या दोन मॅच गेल्या. पाचवी तर ६-१ ने गेली. वसुली करायची म्हणून सहाव्या मॅचला पुन्हा लावले, ती लीफ्स २-० ने जिंकले. थोडे परत आले. ते सगळेच्या सगळे त्याने सातव्या मॅचवर लावले. १९ मेच्या पहाटे मी स्क्रीनवर बघत होते तो चेहरा त्याचा होता. आणि नंतर लीफ्स नसतानाही तो थांबला नाही. एडमंटनच्या फायनलमध्ये उरलेसुरले गेले.

त्याने मला समजावून सांगितलं की हे आता फक्त 'कोण जिंकणार' एवढ्यावर नसतं. पुढचा गोल कोण करणार, या डावात किती शॉट पडणार, चार वेगळे अंदाज एकाच पैजेत बांधायचे, हे सगळं मॅच चालू असताना. भाव दर काही सेकंदांनी बदलतो. "मी मॅच बघतच नव्हतो गं. मी आकडे बघत होतो," असं म्हणाला.

काका ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी आपण दोघं मिळून मॅच बघत नव्हतो?"

मला वाटतं, पैशांपेक्षा हे मोठं नुकसान आहे. एका सोफ्यावर दोन मॅच चालू होत्या, आणि शेजारच्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

हे आलं कुठून?

भावाची चूक आहेच, तो स्वतःही ती मान्य करतो. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या खिशात हे पोचलं कसं, हा प्रश्न धोरणाचा आहे. कॅनडात एका मॅचच्या निकालावर पैज लावायला २०२१ च्या ऑगस्टपर्यंत कायद्याने बंदी होती. संसदेने बदललेला कायदा तेव्हा लागू झाला. ४ एप्रिल २०२२ ला टोरांटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टारियोने खासगी कंपन्यांना ऑनलाइन बाजार खुला केला. वयाची अट १९ वर्षं. म्हणजे भावाला ज्या वाढदिवशी मतदानाचा हक्क मिळून वर्ष झालं होतं, त्या वाढदिवशी हे दारही उघडलं.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं की लोक आधीपासून परदेशी वेबसाइटवर खेळतच होते. तिथे ना नियम, ना कर, ना तक्रारीची सोय. त्यापेक्षा परवाना द्या, मर्यादा घालायची सोय द्या, महसूलही मिळेल. या युक्तिवादात तथ्य आहे. पण परवान्याबरोबर जाहिराती आल्या, आणि त्या थेट मॅचमध्ये घुसल्या. बर्फाभोवतीच्या फळ्यांवर, मधल्या विश्रांतीत, मॅचआधीच्या चर्चेत. सीबीसी ही तिथली सार्वजनिक वाहिनी. तिने ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर काही मॅचची प्रक्षेपणं तपासली, तेव्हा साधारण पाचव्या हिश्शात जुगाराचा काही ना काही संदेश दिसत होता. वेन ग्रेट्झकी, कॉनर मॅकडेव्हिड अशी मंडळी या जाहिरातींत होती. ग्रेट्झकी तिथला सचिन म्हणा. २८ फेब्रुवारी २०२४ पासून ऑन्टारियोने खेळाडूंना अशा जाहिरातींत घ्यायला बंदी केली. जाहिरातींवर देशपातळीवर नियम आणण्याचं विधेयक संसदेच्या सिनेटमध्ये आलं होतं, पण या वर्षीच्या सुरुवातीला संसदेचं अधिवेशन गुंडाळलं गेल्याने ते बारगळलं. आता ते पुन्हा आलंय.

यामागे पैशाचं गणित सरळ आहे. रॉजर्स या कंपनीने एप्रिलमध्ये एनएचएलच्या कॅनडातल्या प्रक्षेपणाचे हक्क पुढच्या १२ वर्षांसाठी ११ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले. आधीचा करार, तोही १२ वर्षांचा, ५.२ अब्जांचा होता. हे पैसे कुठून तरी वसूल होणारच. सबस्क्रिप्शनमधून होतील, जाहिरातींमधून होतील. आणि दोन्हीचा रस्ता आपल्या घरातून जातो.

"म्हणजे मटकाच की!"

आजीला हे सगळं समजावताना भावाची पंचाईत झाली. ऑड्स, लाइव्ह बेट... तिने मध्येच थांबवलं. "म्हणजे मटकाच की!"

आजीचे थोरले भाऊ लालबागला गिरणीत होते. साठ-सत्तरच्या दशकात मुंबईच्या गिरणगावात मटक्याने किती घरांचे पगार खाल्ले, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. पगाराच्या दिवशी तिची वहिनी गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची. पाकीट घरी येईपर्यंत नजर ठेवायला.

मला या तुलनेत एक फरक दिसतो. मटका लावायला घराबाहेर पडावं लागायचं. कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जावं लागायचं, चाळीतलं कुणीतरी बघायचं, वहिनीच्या कानावर घालायचं. लाज आणि शेजारी, हे दोन ब्रेक होते. पुरेसे नव्हते, पण होते. मोबाइलमध्ये दोन्ही नाहीत. आजी, आई, बाबा तिघं हाताच्या अंतरावर बसलेले असताना पोरगा महिन्याची कमाई घालवू शकतो, आणि सगळ्यांना वाटतं की तो मॅच एन्जॉय करतोय. गेटवर उभं राहायची सोयच उरलेली नाही, कारण गेटच नाही.

आपण काय वेगळे आहोत?

हे वाचून 'कॅनडातलं आहे, आपल्याला काय' असं वाटलं असेल तर आयपीएलच्या दिवसांतली आपली हॉस्टेलची रूम आठवा. पाच जण मॅच बघतायत, त्यातल्या तिघांची मान खाली. टीम लावलेली असायची, आणि मग स्वतःच्या लाडक्या बॅट्समनने रन केले तरी वाईट वाटायचं, कारण तो आपल्या टीममध्ये नव्हता! बरोबर ना?

आपल्याकडे सरकारने कॅनडाच्या उलटा रस्ता घेतला. या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सरसकट बंद केले. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव बघता बघता बदललं. कंपन्या कोर्टात गेल्यात, तिथे निकाल काय लागतो ते बघायचं.

एका देशाने दार उघडून पहारेकरी ठेवला, दुसऱ्याने दारालाच कुलूप लावलं. माझं मत विचाराल तर जाहिराती बंद झाल्या हे आपल्या कायद्याचं सगळ्यांत चांगलं फळ आहे. टीव्हीवर आवडता खेळाडू 'खेळा' म्हणत नाही, एवढ्यानेही फरक पडतो. पण कुलपाने सवय जात नाही. बेकायदा ॲप आणि मेसेजिंग ग्रुप आधीही होते, आजही आहेत, आणि तिथे पैसे बुडाले तर तक्रार करायची सोय नाही, कारण बोललात तर स्वतःच अडकाल अशी भीती. कॅनडात निदान भावाला स्वतःचं खातं स्वतःहून बंद करून घेण्याचा, 'मला आत घेऊ नका' असं नोंदवण्याचा अधिकृत मार्ग होता. त्याने तो वापरला. आपल्याकडे बंदी असल्यामुळे प्रश्नच मिटला असं समजून आपण मदतीची व्यवस्था उभीच केली नाही, तर हॉस्टेलमधला असा मुलगा कुणाकडे जाणार? कॉलेजमधल्या समुपदेशन केंद्रात दारू, तंबाखू, मोबाइल यांची पोस्टर असतात. पैजेचं पोस्टर मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एक आपल्या हातातलं. भावाला नंतर विचारलं, कुणाला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सगळे इतके खुश होते ना प्लेऑफमुळे. आजी आली होती. मला ते खराब करायचं नव्हतं." आनंदाच्या दिवसांत माणूस दुःख लपवतो, हे घरच्यांच्या लक्षात यायला हवं. मित्रांच्याही. शेजारी बसलेला गोल झाल्यावर चुकीच्या वेळी हसत असेल किंवा आपली टीम जिंकूनही गप्प असेल, तर एकदा विचारायला काय जातं?

डब्यात मोबाइल

ऑक्टोबरमध्ये नवा सीझन सुरू झाला. लीफ्सचा मिच मार्नर टीम सोडून लास वेगासला गेला, काका अजून त्याच्यावर चिडलेत. मॅकडेव्हिडने एडमंटनशी करार वाढवला, पण दोनच वर्षांसाठी. फेब्रुवारीत मिलानला हिवाळी ऑलिंपिक आहे आणि २०१४ नंतर पहिल्यांदाच एनएचएलचे खेळाडू त्यात उतरणार आहेत. म्हणजे बघायला भरपूर आहे.

भाऊ आता रात्रपाळी वाढवून फीचे पैसे भरतोय. निम्मे काकांनी दिलेत, उसने म्हणून. आजी परत आली, पण येण्याआधी आत्याच्या घरात एक नियम लावून आली. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात. काकांचासुद्धा. मधल्या विश्रांतीत हवा तर काढा, खेळ सुरू झाला की परत आत.

परवा भावाचा फोन आला. पहिल्यांदाच मला स्कोअर न सांगता मॅच सांगत होता. कुणी कुणाला कसं चकवलं, गोलकीपर कसा आडवा झाला, काका कसे उठून ओरडले. बराच वेळ बोलला.

मी विचारलं, "जिंकले का पण?"

"नाही गं," तो म्हणाला, "पण भारी झाली मॅच."